विश्लेषण : वायरलेस माऊस, ब्लूटूथ आणि हॉलिवूडची अभिनेत्री… हेडी लमार यांचे पेटंट नेमके काय होते?

वायरलेस माऊस मध्येच अडखळू लागला, की बहुतेक जण आधी बॅटरी काढून पुन्हा घालतात, मग डोंगल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहतात. दोष अनेकदा माऊसमध्ये नसतोच, तो हवेत असतो. माऊस, इअरबड्स, घरातला राउटर, शेजाऱ्याचा राउटर, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सारे एकाच लहरींच्या पट्ट्यात दाटीवाटीने वावरत असतात. या गर्दीतून संदेश सुखरूप पोहोचवण्याची एक युक्ती ८० वर्षांहून अधिक काळापूर्वी हॉलिवूडच्या एका अभिनेत्रीने आणि एका संगीतकाराने पेटंटच्या रूपात मांडली. ती अभिनेत्री म्हणजे हेडी लमार. समाजमाध्यमांवर त्यांना ‘वायफायची जननी’ म्हटले जाते. त्यात तथ्य किती, त्यांनी नेमके काय केले आणि त्याचा आपल्या माऊसशी संबंध काय, याचा हा आढावा.

हेडी लमार कोण होत्या?

हेडी यांचे मूळ नाव हेडविग एव्हा मारिया किस्लर. त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१४ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. वडील एमिल बँकेत वरिष्ठ पदावर होते, तर आई गर्ट्रूड पियानोवादक होत्या. दोन्ही घराणी मूळची ज्यू. मुलीला फिरायला नेताना ट्रामसारखी यंत्रे कशी चालतात, हे समजावून सांगण्याची वडिलांना हौस होती. पाचव्या वर्षी हेडी यांनी संगीतपेटी खोलून पुन्हा जोडली, असे सांगितले जाते. मात्र तंत्रशिक्षण त्यांनी कधी घेतले नाही. शाळा अर्धवट सोडून त्या चित्रपटाकडे वळल्या. १९३३ मध्ये आलेल्या ‘एक्स्टसी’ या चित्रपटातील नग्नदृश्यांमुळे युरोपभर खळबळ उडाली आणि विशीच्या आतच त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. या प्रसिद्धीची किंमत मात्र त्यांना पुढे आयुष्यभर मोजावी लागली. लोकांनी त्यांचा चेहरा पाहिला, त्यापलीकडे फारसे कोणी गेले नाही.

शस्त्रास्त्रांशी त्यांचा संबंध कसा आला?

ऑगस्ट १९३३ मध्ये हेडी यांचा विवाह फ्रिट्झ मान्डल यांच्याशी झाला. मान्डल हे हिर्टेनबर्ग येथील दारूगोळा कारखान्याचे मालक आणि ऑस्ट्रियातील बडे धनिक. मुसोलिनीच्या इटलीशी त्यांचे व्यवहार होते. पत्नीने चित्रपटात काम करणे त्यांना मंजूर नव्हते. ‘एक्स्टसी’च्या प्रती विकत घेऊन त्या नष्ट करण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. त्यांच्या घरच्या मेजवान्यांना लष्करी अधिकारी आणि शस्त्रास्त्रतज्ज्ञ येत. यजमानीण म्हणून हेडी तेथे हजर असत. टॉर्पेडो, त्यांचे नियंत्रण, दूरवरून दिशा देण्यातील अडचणी हे विषय त्यांच्या कानावर पडले, ते याच जेवणांच्या वेळी, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

१९३५ मध्ये वडिलांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये हेडी यांनी नवऱ्याचे घर सोडले. त्या कशा निसटल्या याच्या अनेक सुरस कथा आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्या लंडनला पोहोचल्या आणि तेथे एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांना भेटल्या, एवढे मात्र पक्के. मेयर यांनी आठवड्याला १२५ डॉलर देऊ केले. हेडी यांनी ते नाकारले आणि मेयर ज्या ‘नॉर्मंडी’ जहाजाने अमेरिकेला निघाले होते, त्याच जहाजाचे तिकीट काढले. जहाज न्यूयॉर्कला लागेपर्यंत करार आठवड्याला ५०० डॉलरवर गेला होता. ‘लमार’ हे आडनावही तेव्हाच मिळाले. मूकपटांच्या काळातील अभिनेत्री बार्बरा ला मार यांच्यावरून ते घेतले गेले. १९३८ मधील ‘अल्जियर्स’ने त्यांना तारका केले. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. परतीचा रस्ता बंद झाला होता.

‘सिटी ऑफ बनारस’ जहाजाचा काय संबंध?

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात धुमाकूळ घातला. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज टॉर्पेडोने बुडवले गेले. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी ब्रिटनमधून कॅनडाला पाठवली जाणारी ९० मुले त्यावर होती. त्यांतील ७७ मरण पावली. जहाजाच्या नावातच बनारस होते आणि त्यावर मोठ्या संख्येने भारतीय खलाशीही होते. त्यांच्यापैकीही अनेक जण त्या रात्री बुडाले.

ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी पाणबुड्यांचा प्रतिकार करायचा, तर नेम चुकणार नाही असा टॉर्पेडो हवा, या विचाराने हेडी यांना पछाडले. चित्रीकरण नसेल तेव्हा त्या घरी रेखाटनाच्या टेबलापाशी बसून काही ना काही शोध लावत. पाण्यात टाकली की कोलासारखे पेय तयार करणारी वडी हा त्यातलाच एक फसलेला प्रयोग. टॉर्पेडोची कल्पना मात्र वेगळ्या दर्जाची होती.

टॉर्पेडो सोडल्यावरही रेडिओ लहरींनी त्याला दिशा देता येईल, हे तेव्हा ठाऊक होते. अडचण अशी, की संदेश एकाच ठरावीक लहरीवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर जात असे. शत्रूने ती लहर हेरली आणि तिच्यावर मोठा गोंगाट सोडला, की टॉर्पेडोला काहीच ऐकू येत नसे. लहर अडवण्याच्या या प्रकाराला ‘जॅमिंग’ म्हणतात. हेडी यांचा उपाय साधा होता. एका लहरीवर थांबायचेच नाही. संदेश पाठवणारे यंत्र आणि टॉर्पेडोमधले यंत्र, दोघांनी एकाच वेळी, आधी ठरलेल्या क्रमाने एका लहरीवरून दुसरीवर उडी मारत राहायचे. शत्रूला क्रम ठाऊक नसल्याने तो एखाद्या लहरीवर पोहोचेपर्यंत संदेश पुढे निघून गेलेला असेल. यालाच आज ‘फ्रिक्वेन्सी हॉपिंग’ म्हणतात.

पियानोचा कागदी रोल टॉर्पेडोत कशासाठी?

दोन्ही यंत्रांनी एकाच क्षणी उडी मारायची, तर त्यांची लय जुळायला हवी. हे कोडे सोडवायला मदत झाली ती जॉर्ज अँथाइल या अमेरिकी संगीतकाराची. दोघांची ओळख १९४० च्या उन्हाळ्यात एका मेजवानीत झाली. अँथाइल यांनाही युद्धाची झळ बसली होती. त्यांचा भाऊ अमेरिकी वकिलातीचा टपालदूत होता आणि जून १९४० मध्ये बाल्टिक समुद्रावर पाडल्या गेलेल्या प्रवासी विमानात तो मारला गेला होता. ‘बॅले मेकॅनिक’ या रचनेसाठी अँथाइल यांनी एके काळी १६ स्वयंचलित पियानो एका लयीत वाजवण्याचा घाट घातला होता. हे पियानो कागदी रोलवर चालत. रोलवर जिथे भोक, तिथे सूर वाजणार.

हीच युक्ती टॉर्पेडोला लावायची ठरली. एक रोल जहाजावर, तंतोतंत तसाच दुसरा टॉर्पेडोत. दोन्ही एकाच क्षणी, एकाच वेगाने फिरू लागतील आणि रोलवरची भोके ठरवतील, की आता कोणत्या लहरीवर जायचे. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून लहरीही ८८ पर्यंत घेता येतील, असे आराखड्यात म्हटले होते. विद्युत मंडलांच्या मांडणीसाठी कॅल्टेक या संस्थेतील प्राध्यापक सॅम मॅकिऑन यांचे साहाय्य घेण्यात आले. १० जून १९४१ रोजी अर्ज दाखल झाला आणि ११ ऑगस्ट १९४२ रोजी ‘गुप्त संदेशवहन प्रणाली’ या नावाने पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक २२,९२,३८७. त्यावर हेडी यांचे पडद्यावरचे नाव नाही. तेव्हाच्या पतीच्या आडनावामुळे नोंद आहे ती हेडी किस्लर मार्की अशी.

नौदलाने कल्पना का नाकारली?

दोघांनी ही कल्पना अमेरिकी नौदलापुढे ठेवली, पण नौदलाने ती स्वीकारली नाही. यंत्रणा टॉर्पेडोत मावणार नाही, असा आक्षेप होता. पेटंटात पियानोचा उल्लेख केल्यामुळे अधिकाऱ्यांना टॉर्पेडोत अख्खा पियानो कोंबलेला दिसू लागला असावा, असे अँथाइल यांना नंतर वाटत राहिले. प्रत्यक्षात ती यंत्रणा घड्याळाएवढी लहान करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीही बाजू होती. युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेचे साधे टॉर्पेडोदेखील धड फुटत नव्हते. ते दुरुस्त करण्यात गुंतलेल्या नौदलाला नव्या प्रयोगासाठी सवड नव्हती.

सरकारने हेडी यांचा उपयोग करून घेतला तो वेगळ्याच कामासाठी. युद्धरोखे विकण्यासाठी त्यांना देशभर फिरवण्यात आले आणि त्यांनी लाखो डॉलरचे रोखे विकून दाखवले. १९४९ मध्ये ‘सॅमसन अँड डलायला’ने प्रचंड यश मिळवले. १९५३ मध्ये त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. पेटंटची मुदत १७ वर्षांची असल्याने १९५९ मध्ये ते संपले. त्याच वर्षी अँथाइल यांचे निधन झाले. दोघांनाही या पेटंटातून एक डॉलरही मिळाला नाही.

मग त्या ‘वायफायच्या जननी’ होत्या का?

याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. लहर बदलत राहण्याची कल्पना त्यांच्या आधीही काहींना सुचली होती. निकोला टेस्ला यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पेटंटांत एकाहून अधिक लहरी वापरण्याचा विचार आहे. विलेम ब्रूर्चेस या डच संशोधकाला १९३२ मध्ये लहर बदलून गुप्तता राखण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. आजचे वायफाय फ्रिक्वेन्सी हॉपिंगवर चालत नाही. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात तो एक पर्याय होता, पुढे तो मागे पडला. जीपीएस तर वेगळ्याच पद्धतीने चालते.

तरीही हेडी आणि अँथाइल यांचे श्रेय कमी होत नाही. दोन यंत्रांनी लय जुळवून उड्या मारायच्या आणि शत्रूचे जॅमिंग निष्फळ करायचे, याची संपूर्ण यंत्रणा त्यांनी कागदावर उतरवली. लष्करी रेडिओत पुढील दशकांत ही पद्धत रूढ झाली, तेव्हा भोकांच्या रोलची जागा इलेक्ट्रॉनिक मंडलांनी घेतली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २.४ गिगाहर्ट्झसह काही पट्टे अशा तंत्रांसाठी विनापरवाना खुले केले आणि ही कल्पना घराघरांत शिरण्याची वाट मोकळी झाली. भारतातही २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे. आज या तत्त्वाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ब्लूटूथ.

माऊसमध्ये ही कल्पना कशी काम करते?

मूळ ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ७९ भाग करते आणि सेकंदाला १,६०० वेळा एका भागावरून दुसऱ्यावर उडी मारते. ज्या भागात वायफायचा गोंगाट आहे, तो टाळण्याची सोय २००३ पासून आली. बॅटरी कमी खाणाऱ्या नव्या ब्लूटूथमध्ये हे भाग ४० आहेत. माऊस आणि लॅपटॉपची जोडणी होते, तेव्हा उड्यांचा क्रम आणि वेळ दोघांमध्ये ठरते. कागदी रोलचे काम आता चिप करते, एवढाच फरक. यूएसबी डोंगल असलेल्या माऊसची पद्धत प्रत्येक कंपनीनुसार वेगळी असते. काही सतत उड्या मारतात, काही अडथळा आला की दुसऱ्या चॅनेलवर जातात.

माऊस अडखळतो तेव्हा काय करावे?

बॅटरी ठीक असूनही कर्सर थबकत असेल, तर आधी अडथळा शोधावा. यूएसबी ३ पोर्ट आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विजेचा गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले होते. डोंगल अशा पोर्टला चिकटून असेल, तर ते दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये किंवा लहान एक्स्टेन्शन वायरने माऊसजवळ आणावे. संगणकाच्या मागे, लोखंडी टेबलाखाली दडलेले डोंगल हेही एक नेहमीचे कारण. राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालवता येत असेल, तर २.४ च्या पट्ट्यातली गर्दी तेवढीच कमी होते.

तोच माऊस दुसऱ्या संगणकावर नीट चालत असेल, तर दोष आपल्या संगणकात आहे. ब्लूटूथ माऊस असल्यास जुनी जोडणी यादीतून काढून नव्याने जोडावी. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जाऊन माऊसची नोंद काढावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. ड्रायव्हर आपोआप परत बसतो. काही वेळ हात न लावल्यास माऊस झोपी जात असेल, तर तेथेच वीज वाचवण्याचा पर्याय बंद करून पाहावा. साध्या माऊससाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये आधीच असतो. त्यामुळे इंटरनेटवर दिसणारे ‘मोफत ड्रायव्हर’ उतरवून घेण्याची गरज नसते. अनेकदा त्यांच्या आडून नको ते सॉफ्टवेअर संगणकात शिरते.

माऊसमधून हॅकिंग होऊ शकते का?

होऊ शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने ‘माऊसजॅक’ नावाची त्रुटी उघड केली. अनेक नामांकित कंपन्यांचे डोंगल असलेले माऊस तिच्या तडाख्यात सापडले. वायरलेस कीबोर्डवर पासवर्ड टाइप होतो, म्हणून त्याचे संदेश कुलूपबंद म्हणजे एनक्रिप्ट केले जात. माऊस काय, इकडून तिकडे सरकणार, त्यात चोरण्यासारखे काय, असे समजून त्याचे संदेश उघडेच ठेवले होते. हल्लेखोर माऊसचे सोंग घेऊन डोंगलला संदेश पाठवू शकत होता आणि काही डोंगल ते कीबोर्डवरची बटणे दाबल्यासारखे स्वीकारत. म्हणजे सुमारे १०० मीटरवरून कोणीतरी आपल्या संगणकावर आज्ञा टाइप करू शकत होता. काही कंपन्यांनी फर्मवेअर दुरुस्त केले. काही जुन्या डोंगलमध्ये बदल करण्याची सोयच नव्हती.

लहर बदलत राहिल्याने संदेश अडवणे कठीण होते, पण त्याला कुलूप लागत नाही, हे यातून दिसते. हेडी यांच्या आराखड्यात सारी गुप्तता उड्यांच्या क्रमात होती. आज स्वस्त उपकरणांनीही तो क्रम हेरता येतो. म्हणून एनक्रिप्शन वेगळे लागते. जुना माऊस वापरणाऱ्यांनी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर फर्मवेअर आले आहे का ते पाहावे, संगणक सोडून जाताना स्क्रीन लॉक करावा आणि बँकेची वा कार्यालयाची संवेदनशील कामे होणाऱ्या संगणकाला शक्यतो वायरचा माऊस लावावा.

हेडी यांची अखेरची वर्षे कशी गेली?

सहा विवाह झाले, सहाही मोडले. चाळिशीत चित्रपट थांबले. १९६६ मध्ये दुकानातून वस्तू चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्या निर्दोष सुटल्या, पण गाजावाजा व्हायचा तो झालाच. त्याच वर्षी त्यांच्या नावाने निघालेले आत्मचरित्र दुसऱ्यांनी लिहिलेले होते. त्यातील मजकूर खोटा असल्याचे सांगत त्या न्यायालयात गेल्या. उतारवयात फ्लोरिडात त्या जवळपास एकांतात राहत आणि जगाशी त्यांचा संबंध उरला होता तो प्रामुख्याने फोनवरून.

१९९० मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाने पेटंटची कहाणी छापली आणि तंत्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाऊंडेशनने हेडी आणि दिवंगत अँथाइल यांचा गौरव केला. पुरस्कार घ्यायला त्या स्वतः गेल्या नाहीत, त्यांचे पुत्र अँथनी गेले. याच सुमारास, आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांच्या रोजच्या वापरातले जे कोरलड्रॉ सॉफ्टवेअर, त्याच्या खोक्यावर हेडी यांचा चेहरा परवानगीविना छापला गेला होता. त्यांनी दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. पेटंटासाठी काहीच न मिळालेल्या हेडी यांना चेहऱ्याचा मोबदला मात्र कंपनीला द्यावा लागला.

१९ जानेवारी २००० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अस्थींचा काही भाग व्हिएन्नाजवळच्या जंगलात विखुरण्यात आला. २०१४ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात हेडी लमार आणि जॉर्ज अँथाइल यांची नावे एकत्र नोंदवली गेली. जर्मन भाषिक देशांत ९ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस ‘संशोधक दिन’ म्हणून पाळला जातो.